भाऊंच्या वाट्याचे गहू

भाऊ जळगावहून वैकुंठरथातून परत आले, आणि तेही पुढच्या सीटवर बसून, काच खाली करून. ही गोष्ट मी बाहेरगावी सांगते तेव्हा लोक हसतात. मीही आधी थोडी हसून घेते, म्हणजे ऐकणाऱ्याला अवघड वाटत नाही. पण त्या दिवशी आमच्या गल्लीत कोणी हसलं नव्हतं.

आधी भाऊ कोण ते सांगते. शिंदखेड्याच्या बाजूला आमचं गाव. गावात भाऊंचा छापखाना होता आणि त्यातून दर आठवड्याला चार पानांचं साप्ताहिक निघायचं. लग्नपत्रिका आणि निवडणुकीच्या पत्रकांवर छापखाना जगायचा, आणि छापखान्यावर साप्ताहिक. त्यात कुणाची मुलगी नर्सिंगला लागली, कुठल्या गल्लीत नळ कोरडा आहे, कुणाची म्हैस हरवली आणि कुणाच्या गोठ्यात सापडली, हे सगळं यायचं. शेवटच्या बातमीपायी एकदा छापखान्याच्या दारात काठ्या निघाल्या होत्या. भाऊ एक पंचवार्षिक सरपंच होते. पद गेलं तरी लोक कामं घेऊन त्यांच्याकडेच जायचे, आणि नवा सरपंचही त्यांतलाच. स्मशानातली पत्र्याची शेड आणि तिथला नळ भाऊंनी आणला. वाचनालयात मुलींसाठी वेगळी खोली भांडून मिळवली. वैकुंठरथसुद्धा त्यांनीच दारोदार वर्गणी मागून घेतला होता. गावातल्या कुठल्याही मयताला भाऊ नाहीत असं व्हायचं नाही.

मी मूळची दीपनगरची. वडील पॉवर हाऊसला होते, कॉलनीत वाढले, त्यामुळे सासरच्या चालीरीतींकडे सुरुवातीला मी जरा नाक वर करूनच बघायचे. लग्नानंतर घरात बसून जीव विटला तेव्हा भाऊंच्या साप्ताहिकाची प्रुफं तपासायला लागले. सासूबाईंना, म्हणजे अक्कांना, ते आवडलं नव्हतं. भाऊ घरी आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "अक्का, तुमची सून माझ्या चुका काढते. गावात दुसऱ्या कोणाची हिंमत नाही." अक्का हसल्या आणि माझी सुटका झाली. भाऊंशी माझं नातं हे असं, रोज तांबड्या पेनानं भांडण्याचं.

भाऊंना आपलं म्हणावं असं कोणी नव्हतं. लहानपणी कुठून तरी ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला आले आणि म्हाताऱ्या मालकानं त्यांना ठेवून घेतलं. लग्न केलं नाही. कुळ कुठलं, गोत कुठलं, काही ठाऊक नाही. गावात ते सगळ्यांचे होते, म्हणजे कागदावर कोणाचेच नव्हते.

आता कानबाईचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, पाठीमागे जरीचं वस्त्र, रात्रभर गाणी, आणि सोमवारी नदीवर बोळवण. तिचा नैवेद्य म्हणजे रोट. रोटासाठी आदल्या शनिवारी गहू घेतात ते मोजून. घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. मुलगा सुरतेला असो की परदेशात, त्याची मूठ पडलीच पाहिजे. सूप एकदा उचललं की परत त्यात हात घालायचा नाही. आणि ते रोट भाऊबंदांबाहेर कोणाच्या तोंडात जाऊ द्यायचे नाहीत, अगदी लग्न होऊन गेलेल्या लेकीच्यासुद्धा नाही.

माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधी, ऐन कानबाईच्या रात्री, आमच्या घराला आग लागली होती. समईनं मखर पेटलं. सगळे बाहेर पळाले आणि माझे सासरे आत राहिले. भाऊंनी ओलं पोतं डोक्यावर घेऊन त्यांना ओढून आणलं. पुढच्या श्रावणात सासऱ्यांनी जाहीर केलं, "याची मूठ आपल्या घरात." अशा रीतीनं भाऊ आमचे भाऊबंद झाले, सव्वा मूठ गव्हानं. मग शेजारचे मागे कसे राहतील? बघता बघता गल्लीतल्या सगळ्या घरांत भाऊंच्या नावाची मूठ पडायला लागली. भाऊ दर श्रावणात साप्ताहिकात अन्नाच्या नासाडीवर खरमरीत लिहायचे आणि त्याच रविवारी घरोघर रोट खात फिरायचे. मी टोमणा मारला की म्हणायचे, "सूनबाई, लिहिणारा वेगळा आणि खाणारा वेगळा."

सासरे गेले तेव्हा भाऊबंदांतल्या बायका कुजबुजल्या, की आता अक्कांनी सुपाला हात लावू नये. त्या शनिवारी भाऊ सकाळीच येऊन आमच्या दारात पेपर वाचत बसले. अक्कांनी पदर खोचला आणि मुठी घेतल्या. तेव्हापासून आमच्या घरच्या मुठी अक्काच घेतात.

त्या वर्षी आषाढात भाऊंच्या छातीत दुखायला लागलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी जळगावला पाठवलं. गावातले लोक आळीपाळीनं डबा घेऊन जायचे. ते तिथं असतानाच कानबाई आली. शनिवारी सकाळी, अजून चहा व्हायचा होता, आणि गल्लीत फोन वाजायला लागले. डबा घेऊन गेलेल्या माणसानं डोळ्यांनी पाहिलं होतं. भाऊंच्या खाटेवर, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर.

चहा निवेपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर भाऊंचा फोटो आणि खाली भावपूर्ण श्रद्धांजली. थोड्या वेळानं चौकात फ्लेक्सही लागला. आमच्याकडे रस्त्याचा खड्डा बुजायला वर्ष लागतं, फ्लेक्स मात्र ताबडतोब लागतो. गल्लीतली दोन माणसं वैकुंठरथ घेऊन जळगावला निघाली. आणि बायकांपुढे प्रश्न आला. दळण तर आजच जायला हवं. भाऊ काही सुतकातले नव्हेत, म्हणजे कानबाई थांबवता येत नाही. मग मूठ?

अक्का सुपापुढे किती तरी वेळ बसून होत्या. डोळे वाहत होते. माझ्या नवऱ्याचं, दिराचं, त्यांच्या मुलांचं, माझ्या मुलाचं, एकेकाचं नाव घेऊन त्यांनी मुठी टाकल्या. मग त्यांचा हात गव्हात तसाच राहिला. गेलेल्या माणसाची मूठ घेत नाहीत. घेतलेली मूठ रिकामी राहत नाही, असं आमच्या घरातल्या म्हाताऱ्या सांगत आल्यात. घ्यायला माणूस नसला तर ती दुसरा माणूस शोधते. अक्कांनी हात कोरडा बाहेर काढला आणि सूप उचललं. प्रत्येक घरात त्या सकाळी हेच झालं.

पीठ दळून आलं आणि जळगावहून फोन आला. भाऊ खाटेवर बसून पोहे खात होते.

झालं होतं असं. शेजारच्या खाटेवर चोपड्याकडचा एक केळीवाला शेतकरी होता. त्याला उकाड्यानं झोप येईना. भाऊंची खाट पंख्याखाली, म्हणून भाऊंनी आपली खाट त्याला दिली आणि आपण त्याच्या खाटेवर गेले. पहाटे तो माणूस भाऊंच्या खाटेवरच वारला. डबेवाला पोहोचला तेव्हा भाऊ तोंड धुवायला बाहेर होते. डबेवाल्यानं चादर पाहिली आणि डबा तिथंच टाकून पळाला.

आपण किती आनंदानं नाचलो असतो, नाही? भाऊ जिवंत! गल्लीत आधी ओरडा झाला, कोणी तरी पेढ्यांचं नाव काढलं. मग हळूहळू बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं विचारलं, "तुन्हा घर लिधी का मूठ?" दुसरीनं घेतली नाही म्हणून मान हलवली. तिनं तिसरीकडे पाहिलं. प्रत्येकीला वाटत होतं, दुसऱ्या कोणाच्या तरी घरात भाऊ असतील. ते कुठंच नव्हते. मी म्हटलं, आत्ता टाका की सव्वा मूठ, काय बिघडतं? अक्का माझ्यावर खेकसल्या. ज्याला सकाळी गेला म्हटलं त्याची मूठ मागून टाकली तर ती गेलेल्याचीच होते. मला राग आला आणि त्या रागाच्या खाली कुठंतरी भीतीही वाटली, ती मी कोणाला सांगितली नाही.

रविवारी दुपारी गल्लीत गाणी चालू होती. वैकुंठरथ वळणावरून आत आला. जळगावहून गाडी रिकामी कशाला न्यायची, पैसे गावाचे आहेत, असं म्हणून भाऊ त्यातच बसले होते. दार उघडून ते खाली उतरले. अंगात दवाखान्यातला ढगळ सदरा, गालफडं बसलेली, मनगटावर पट्टी. गाणं आपोआप थांबलं. माझ्यामागची एक बाई पुटपुटली, "पाय दख, पाय!" मीही पाहिले. पाय सरळ होते, चपला त्यांच्याच होत्या.

भाऊ थेट आमच्या ओट्यावर आले. "अक्का, भूक लागली. माझा रोट?"

अक्का खोटं बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्हनी मूठ लिधी नही."

भाऊ हसले. त्यांना वाटलं गंमत आहे. मग त्यांनी शेजारच्या ओट्याकडे पाहिलं, त्याच्या पलीकडे पाहिलं. सगळ्या दारांत बायका उभ्या होत्या आणि सगळ्यांच्या माना खाली होत्या. घराघरातून पुरणाचा, तुपाचा वास येत होता. गल्लीभर जेवण शिजलं होतं आणि त्यातलं काही म्हणजे काही भाऊंना देता येत नव्हतं, कारण त्या दिवशी रोटाच्या चुलीवर दुसरं काही शिजत नाही. मी तणतणत कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, टोस्टचा पुडा आणला आणि स्टोव्हवर चहा केला. भाऊंनी आमच्या ओट्यावर बसून टोस्ट बुडवून खाल्ले. मला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं.

त्यानंतरच्या वर्षाबद्दल मी दोन प्रकारे बोलू शकते. एक म्हणजे, माणूस आजारातून उठला, अशक्त झाला, आवाज बारीक झाला, आणि आवाज बारीक झालेल्या माणसाकडे गाव लक्ष देत नाही. हे खरं आहे. दुसरं मी पाहिलं ते सांगते.

चौकातला फ्लेक्स कोणी काढेना. ज्यानं लावला तो म्हणे, जिवंत माणसाची श्रद्धांजली काढायला हात धजत नाही. भाऊ रोज त्याच्याखालून छापखान्यात जायचे. उन्हानं फोटोतला चेहरा उडत गेला, कपडे आणि हार तेवढे राहिले. शेवटी दिवाळीच्या आधी वाऱ्यानं तो फाटला. कानबाईच्या त्या आठवड्याचा अंकही काळी चौकट घालून तयार झाला होता. भाऊंनी तो माझ्यासमोर वाचला, दोन ठिकाणी दुरुस्त केला, आणि म्हणाले, "माझ्याबद्दल इतकं चांगलं माझ्या साप्ताहिकात मी छापू दिलं नसतं."

मग लहान लहान गोष्टी सुरू झाल्या. चहावाला छापखान्यात ट्रे घेऊन यायचा आणि एक कप कमी निघायचा. ज्याच्या छापखान्यात चहा आला त्याचाच कप नाही. चहावाला जीभ चावायचा, धावत दुसरा आणायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वाचनालयाच्या सभेत खुर्च्या मांडल्या की भाऊंना खुर्ची नसायची. स्वातंत्र्यसैनिकांच्या स्मारकापुढे सगळ्यांचा फोटो निघाला, त्यात भाऊ मधोमध उभे होते हे मी शपथेवर सांगते. छापायला घेतला तेव्हा कोणाचा तरी फेटा त्यांच्या तोंडावर आलेला. बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा लावला, यंत्र घेईना. दुसरं बोट, तिसरं बोट. बँकेतली मुलगी म्हणाली, "काका, मशीन म्हणतंय रेकॉर्ड जुळत नाही." जन्मभर शाईत आणि रॉकेलात बुडालेली बोटं ती, रेषा झिजणारच. मी तिला तेच सांगितलं. भाऊ मात्र आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले.

पौषात मी त्यांना तपासणीसाठी जळगावला घेऊन गेले. अमळनेरपर्यंत गाडीत गप्पा छान चालल्या होत्या. दवाखान्याला काचेचं दार आहे, माणूस समोर आला की आपोआप सरकतं. भाऊ माझ्या पुढे चालत होते. ते दारापुढे उभे राहिले आणि दार सरकलं नाही. ते एक पाऊल मागे गेले, परत पुढे आले. काचेत त्यांचं प्रतिबिंब त्यांच्यासमोर उभं होतं आणि आतली माणसं त्यांच्यातून आरपार इकडेतिकडे जाताना दिसत होती. मी मागून पोहोचले तशी काच झटकन बाजूला झाली. दारावरचं यंत्र बिघडलं असेल, असतात बिघडलेली.

तिथंच त्यांना चोपड्याच्या त्या शेतकऱ्याचा भाऊ भेटला, दवाखान्याचे राहिलेले कागद न्यायला आलेला. बोलता बोलता कळलं, की त्या शनिवारी सातपुड्याच्या पायथ्याला त्यांच्या गावात फोनच लागत नव्हता. दुपार टळेपर्यंत घरी काही कळलं नाही. त्यांच्याकडे सकाळी त्या माणसाच्या नावाची मूठ नेहमीसारखी पडली होती.

परतीच्या गाडीत भाऊ म्हणाले, "बघा सूनबाई. त्याला मी खाट दिली. तो गेला, पण मोजलेला गेला. मी राहिलो तो असा."

"भाऊ, तुम्ही असं बोलायला लागलात? तुम्ही?" माझा आवाज चढला. "जन्मभर अंधश्रद्धेवर अग्रलेख लिहिलेत. मीच तपासलेत."

"लिहिणारा वेगळा," ते म्हणाले, आणि पुढचं बोललेच नाहीत. जरा वेळानं एवढंच म्हणाले, की मला कसंही करून श्रावणापर्यंत टिकायचं आहे. एकदा मूठ पडली की मग हरकत नाही. हा माणूस गावासाठी मंत्र्यांच्या गाडीपुढे आडवा झोपला होता, आणि आता त्याला सव्वा मूठ गव्हाची आस लागली होती. मला त्यांची कीव आली नाही, गावाचा संताप आला. पण संतापून करणार काय, गाव म्हणजे आम्हीच की.

उन्हाळ्यात भाऊ पुरुषांच्या बैठकीत जाईनासे झाले. दुपारी येऊन आमच्या मागच्या ओट्यावर बसायचे, जिथं बायका गहू निवडतात. आधी बायका अवघडल्या. मग सवय झाली, इतकी की ते बसलेत हे विसरून बायका सुनांबद्दल, नवऱ्यांबद्दल, पाळीबद्दलसुद्धा बोलून जायच्या आणि मग दचकून तोंडावर हात ठेवायच्या. भाऊ मान खाली घालून खडे वेचत असायचे. निवडलेले गहू त्यांच्या बोटांतून सरसर पडायचे.

अशाच एका दुपारी बायका उठून गेल्या होत्या. ओट्यावर अक्का, भाऊ आणि मी. भाऊंनी हातातले गहू ताटात सोडले आणि विचारलं, "अक्का, यंदा माझी मूठ घ्याल ना?"

"लेसू, भाऊ. पहिली तुम्हनीच लेसू."

"वर्षभर मला कोणी बघतच नाही असं वाटतं. समोर उभा राहतो तरी माणसं बाजूनं जातात. आपण आहोत की नाही, हेच कळेनासं होतं." ते हसायचा प्रयत्न करत होते. "तुम्हाला नाही कळायचं ते."

अक्कांनी सूप खाली ठेवलं. त्या अशा कधी बोलत नाहीत. "भाऊ, आम्हले कोन मोजस?" त्या म्हणाल्या. "दळतस आम्ही, भाजतस आम्ही, आन मुठी बठ्ठ्या माणसेसन्या. जलम गया मन्हा या घरमा. मन्हं नाव कोन्ही सुपमा टाकं नही. तुम्हले एक वरीस ते एवढं जड पडी गयं?"

त्यात राग नव्हता. भाकरी करपली हे सांगावं तशा आवाजात त्या बोलल्या. पण भाऊंचा चेहरा मी पाहिला. इतकी वर्षं ज्यांच्या चुका काढत आले त्यांना मी कधी असं सापडलेलं पाहिलं नव्हतं. आणि खरं सांगते, मलाही तोवर हे सुचलं नव्हतं. दरवर्षी मी तिथं सुपाशेजारी बसत होते, माझ्या लहानग्याची मूठ पडली की मनातल्या मनात सुखावत होते, आणि आपलं नाव येत नाही हे मला कधी ऐकूच आलं नव्हतं. अंगावर काटा आला तो तेव्हा. भाऊंना वर्षभर जे होत होतं ते आमच्या घरात, भर दिवसा, सगळ्यांच्या देखत, आधीपासून चालू होतं.

भाऊ म्हणाले, "मी इतकी वर्षं गाव छापत होतो अक्का. अर्धंच छापलं." मग ते उठले. जाताना ओट्याच्या पायरीवर थांबून अक्कांशी हळू काही बोलले. मी ताटं आत नेत होते, मला ऐकू आलं नाही.

ज्येष्ठ संपता संपता, पाऊस अजून नव्हता, भाऊ छापखान्यात खुर्चीतच गेले. पुढ्यात अर्धं तपासलेलं पान होतं. या वेळी मात्र कोणी विश्वास ठेवीना. फ्लेक्सवाल्यानं स्वतः येऊन पाहिलं, मग दुकान उघडलं. मोबाइलवर श्रद्धांजली टाकणाऱ्याला चारजणांनी झापलं, खात्री केली का म्हणून. डॉक्टर येऊन गेले तरी लोक छापखान्यासमोर उभेच, जणू ते आतून बाहेर येतील आणि ओरडतील. त्यांच्या शेडखाली त्यांना अग्नी दिला तेव्हा सगळा गाव होता. पुरुषांमागे, स्मशानाच्या कुंपणाबाहेर, आमच्या गल्लीतल्या बायका उभ्या होत्या. आमच्याकडे बायका तिथवर जात नाहीत. अक्का सगळ्यांत पुढे होत्या आणि त्यांना परत जा म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

मग श्रावण आला. आदल्या वर्षी मूठ चुकली म्हणून माणूस गेला, हे गल्लीत कोणी बोललं नाही आणि कोणी विसरलंही नाही. डॉक्टरांनी हृदयाच्या झडपेचं सांगितलं होतं. मी ते ज्याला त्याला ऐकवत होते, बहुतेक स्वतःलाच.

शनिवारी सकाळी अक्का सुपापुढे बसल्या. मी शेजारी. माझा नवरा दारात उभा, दळण न्यायला. अक्कांनी एकेक नाव घेतलं. माझ्या मुलाची मूठ पडली, ती शेवटची. अक्कांचा हात परत गव्हात गेला.

"व्हयन्यात ना बठ्ठ्या?" सगळ्या झाल्या असं समजून नवऱ्यानं विचारलं.

"भाऊनी राह्यनी."

नवऱ्याचा चेहरा पडला. "अक्का, गयेल माणूसनी मूठ लेतस का कोठे?"

घेतलेली मूठ दुसरा माणूस शोधते, हे जुनं बोलणं मला आठवलं, आणि माझा हात आपोआप मुलाच्या पाठीकडे गेला. तो तिथं नव्हता, शाळेत गेला होता. बाहेर गल्लीत, दारोदार बायका बसल्या असतील, प्रत्येकीचा हात असाच कुठंतरी अडला असेल, असं मला वाटून गेलं.

"मूठ त्यासनी नही," अक्का म्हणाल्या. "जागा त्यासनी शे. भाऊ माले सांगी गया, मन्ही जागा रिकामी ठेवू नका." भाऊ खरंच तसं बोलले होते का, पायरीवर, त्या दुपारी? मला माहीत नाही. अक्का खोटं बोलत नाहीत, एवढं मला माहीत आहे.

नवरा काही म्हणायला गेला, पण अक्का त्याच्याकडे बघतच नव्हत्या. गव्हानं भरलेला हात त्यांनी सुपावर धरला आणि माझ्याकडे वळल्या.

"पोरी, तुन्हं माहेरनं नाव काय व्हतं?"

लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं, त्यानंतर माझं जुनं नाव या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. मी घाबरले होते, हे कबूल करते. ती जागा गेलेल्या माणसाची होती. तिथं बसायचं म्हणजे नेमकं काय, कुणी माझा मान करत होतं की मला त्याच्या बदली देत होतं, हे मला कळत नव्हतं, आणि तरीही मला तिथंच बसायचं होतं. आयुष्यात इतकं काही हवंसं मला क्वचितच वाटलं असेल. मी नाव सांगितलं. माझाच आवाज मला परका वाटला.

अक्कांनी ते पुटपुटून पाहिलं, जीभ वळते का बघावं तसं. आमच्याकडे सांगतात, गेलेल्याचं नाव निघालं असताना कोणी नावानं हाक मारली तर लगेच ओ देऊ नये, कोण बोलावतंय ते आधी ओळखावं. अक्कांनी मूठ उघडली, गहू सुपात पडले, आणि त्यांनी मोठ्यानं, ओसरीपर्यंत ऐकू जाईल असं, माझं नाव घेतलं.

मी ओ दिली.